लोहाराचे पाणी, तांबटाचे पाणी

तांबट ठोकून ताठ झालेले भांडे लाल तापवून पाण्यात बुडवतो. तांबे मऊ होते. लोहार कोयत्याची धार लाल तापवून पाण्यात बुडवतो; पोलाद कडक होते. कृती एकच, फळ उलटे. माझ्या होमिओपॅथीच्या पेटीत क्युप्रम आहे, फेरमही आहे; पण याचे उत्तर अणूंच्या मांडणीत आहे.

तांब्याचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर असतात. १०८५ अंशांना वितळेपर्यंत ही रचना तशीच राहते. अणूंचे थर सहज घसरतात, म्हणून तांबे वाकते. ठोकल्याने त्या घसरण्यात गुंता होतो, तापवल्याने तो सुटतो. पाणी केवळ भांडे लवकर निवावे म्हणून.

लोखंडाचे तसे नाही. थंड असताना त्याचे अणू कोपऱ्यांवर आणि एक घनाच्या पोटात. शुद्ध लोखंड ९१२ अंशांवर, पोलाद त्याआधीच, तांब्याची मांडणी घेते. तिच्या पोकळ्यांत कार्बन मावतो. सावकाश निवाले तर तो बाहेर पडतो. पाण्यात एकदम बुडवले तर आतच अडकतो, रचना ताणली जाते, थर घसरेनासे होतात. धारेचे ‘पाणी’ ते हेच. साध्या खिळ्यात कार्बन नगण्य, त्याला पाणी चढत नाही.

मात्र नुसते पाणी दिलेली धार काचेसारखी ठिसूळ. तिची कपची उडून डोळ्यात गेलेला माणूस मी पाहिला आहे. म्हणून जाणता लोहार कोयता पुन्हा हलका तापवतो, धारेवर पिवळा-तपकिरी रंग उमटेपर्यंत. तेवढ्या उष्णतेने थोडा कार्बन सुटतो आणि ताण उतरतो.