किडुकमिडुक
किडुकमिडुक : कमी वजनाच्या, किरकोळ दागिन्यांचा सामूहिक निर्देश करणारा नपुंसकलिंगी मराठी जोडशब्द. कुडी, फुली, मुलांच्या बिंदल्या, डोरल्याचे मणी इ. वस्तू त्यात येतात. क्वचित लहानसहान चीजवस्तूंनाही तो लावतात. शब्दाचा रोख क्षुल्लकतेकडे असला, तरी त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे (मोडणे, विकणे, गहाण टाकणे) निराळेच सांगतात. डाग ‘मोडणे’ म्हणजे तो सोनाराला विकणे; ‘होते नव्हते ते किडुकमिडुक मोडले’ म्हणजे घरातील अखेरची शिल्लक संपली.

मुंबईत या शब्दाला गिरणगावाचा संदर्भ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला, तसे लालबाग-परळपासून शीवजवळच्या चुनाभट्टीपर्यंतच्या कामगार कुटुंबांत प्रथम भांडीकुंडी व किडुकमिडुक बाहेर पडले. अनेकांचे परत आलेच नाही. त्याआधी १९१३ च्या राजा हरिश्चंद्र या चित्रपटासाठी दादासाहेब फाळके यांनी दादर येथे पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर पैसा उभा केला होता. तेथे मात्र सहसा ‘दागिने’ हाच शब्द योजला जातो. किडुकमिडुक हे बहुधा गरिबाचेच असते.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार स्त्रीच्या ताब्यातील असे अलंकार तिच्या पूर्ण मालकीचे ठरतात. बोलीत मात्र ‘बायकोचे किडुकमिडुक’ म्हणताना मालकी तिची आणि ते मोडण्याचा निर्णय पुष्कळदा दुसऱ्याचा असतो.