राउटर की डोंगल? घरातल्या वायफायची स्वस्त आणि शहाणी खरेदी



ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं त्याने वायफायवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्हालाही वाटते. पण या विषयाकडे आम्ही आलो ते एका चुकीमुळे, आणि चूक आमचीच होती. तिथूनच सुरुवात करू.

आमच्या शेजारची मुलगी बारावी झाली. प्रवेशाचे पसंतीक्रम ऑनलाइन भरायचे होते. घरात फायबरची जोडणी होती, मामाने दिलेला जुना लॅपटॉप होता, पण वायफाय सारखं तुटायचं. तिचे वडील टेम्पो चालवतात. आमच्याकडे आले, म्हणाले, "सर, काय करू?" आम्ही छातीठोकपणे सांगितलं, राउटर बदला. त्यांनी अडीच हजार घातले. दुसऱ्या दिवशी मुलगी दारात. "आजोबा, अजून तसंच आहे." शेवटी तिने पडवीत बसून मोबाइलवर अर्ज भरला. निभावलं. पण ते अडीच हजार आमच्या डोक्यातून जाईनात.

आता पाहा, आयुष्यभर आम्ही मुलांना न्यायदर्शनातला अन्वय-व्यतिरेक शिकवला. म्हणजे काय? हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं, तर त्या दोहोंचा संबंध मानावा. वर्गात शिकवलं, शेजाऱ्याच्या घरात विसरलो! तेव्हा खरेदीचा पहिला नियम असा, की आधी दोष कुठे आहे ते शोधा, मग खिशात हात घाला.

शोधायचा कसा? तीन परीक्षा, तिन्ही जवळजवळ फुकट. पहिली, लॅपटॉप राउटरला तारेने जोडा. तारेनेही संथ असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे. काहीही विकत घेऊन उपयोग नाही, जोडणी देणाऱ्याला फोन करा. दुसरी, तार काढा आणि राउटरच्या शेजारीच बसून वायफायवर पाहा. इथे ठीक आणि आतल्या खोलीत वाईट, तर प्रश्न अंतराचा आणि भिंतींचा. तिसरी, नेहमीच्या जागी लॅपटॉपशेजारी मोबाइल ठेवा. मोबाइल झकास आणि लॅपटॉप रडतोय, तर दोष लॅपटॉपचा. शेजारच्या घरी ही तिसरी परीक्षा आम्ही उशिरा केली, आणि उत्तर दोन मिनिटांत मिळालं. लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला असतो, त्याची बारीक तार बिजागरीतून खाली येते. झाकण उघडून-मिटून ती दुखावते. तिथे नवा राउटर काय करणार?

आता भिंतींकडे वळू. वायफाय म्हणजे रेडिओलहरीच. मुख्य पट्टे दोन, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला आपल्याकडे २००५ साली विनापरवाना खुला झाला, दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ साली. २.४ ची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ ची त्याच्या निम्म्याहून कमी. २.४ भिंतीतून जास्त पार जातो, पण गर्दीचा; शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. ५ वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानतो. आपल्या तळ्यातली जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, भिंती हातभर जाड. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि पाणी या लहरी शोषून घेतं. पत्रा आणि लोखंडी कपाट तर लहरी परतवूनच लावतात. कुड्याच्या लेण्यात आत शिरलं की मोबाइलच्या रेघा कशा गळतात ते आठवा. आपलं माजघर म्हणजे लहानसं लेणंच.

म्हणून राउटर कोपऱ्यात, टीव्हीमागे किंवा कपाटावर दडवू नये. घराच्या मध्याकडे, उंचावर, उघड्यावर ठेवावा. हा उपाय बिनपैशाचा आहे आणि बरेचदा तेवढाच पुरतो.

एवढं करूनही नड राहिली तर खरेदी. लॅपटॉपचं किंवा कॉम्प्युटरचं वायफाय अधू असेल तर यूएसबीत लावायचा अॅडॉप्टर घ्या, ज्याला बाजारात डोंगल म्हणतात. नखाएवढा, एका पट्ट्याचा, साधारण तीन-पाचशेत मिळतो. दोन्ही पट्ट्यांचा साधारण सातशे ते हजारात. आमचं मत विचाराल तर दोन पट्ट्यांचा घ्यावा, आणि कॉम्प्युटर लांब असेल तर बाहेर अँटेना असलेला. कॉम्प्युटरचा डबा लोखंडी असतो. डोंगल त्याच्या मागे खुपसला की लोखंडाच्या सावलीत जातो. मीटरभर यूएसबी वायर लावून तो टेबलावर आणा. दुसरं म्हणजे, निळ्या यूएसबी ३ खोबणीत हार्ड डिस्क चालू असेल तर तिच्या गोंगाटाने शेजारचा २.४ चा डोंगल बिघडतो. वायर लावून लांब नेला की सुधारतो. लिनक्स वापरणाऱ्यांनी विकत घेण्याआधी चालेल का ते तपासावे.

खोक्यावरचे आकडे हे शब्दप्रमाण. आणि शब्द प्रमाण केव्हा? सांगणारा आप्त असेल तेव्हा! (हशा) 'एसी १२००' म्हणजे एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ यांची बेरीज करून गोल केलेला आकडा. लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि हातात येतो तो वेग छापलेल्याच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून कमी. पण घाबरू नका. तुमची जोडणीच ४० एमबीपीएसची असेल तर १५० चा डोंगलही सहसा पुरतो. ओढ्याला पाणी गुडघाभर, तिथे गलबत घेऊन काय करायचं?

नवा राउटर घ्यायचाच तर तीन गोष्टी पाहा. दोन्ही पट्टे असावेत. डब्ल्यूपीए २ किंवा ३ हे संरक्षण असावं. आणि जोडणी १०० एमबीपीएसच्या वर असेल तर तारेच्या खोबणी गिगाबिटच्या असाव्यात. फायबरच्या डब्यातच वायफाय असतं का, तेही आधी पाहा, अनेकदा असतं. लांबच्या खोलीसाठी रिपीटर घेण्याआधी विचार करा. स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. त्यापेक्षा तार ओढून तिकडे जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. ही तार १०० मीटरपर्यंत चालते.

शेवटचं, आपल्या भागासाठी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. ते कोणी विसरलेलं नाही. तेवढ्या संकटाला उपाय नाही, पण रोजच्या तास-दोन तासांच्या खंडाला राउटरचा छोटा यूपीएस पुरतो. राउटरच्या अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट तेच हवेत, बहुधा १२, आणि अँपियर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे विसरू नका.

शेजारच्या मुलीला आम्ही आमच्या पैशाने दोन पट्ट्यांचा डोंगल आणून दिला. त्याच खोलीत, त्याच भिंतीआड लॅपटॉप चालू लागला. राउटरचे अडीच हजार मात्र गेले ते गेलेच. तिचे वडील अजूनही आम्हाला "सर" म्हणतात. तो शब्द ऐकला की आम्ही जरा ओशाळतो, आणि कोणी सल्ला विचारला तर आधी विचारतो, "तार जोडून पाहिलीत का?"

तुम्हीही आज घरी गेल्यावर एवढंच करा. आता तुमचे प्रश्न घेऊ.