माजी सैनिकांचे हक्क – लेखांक ६ : हृदयविकार आणि अपंगत्व पेन्शन

गेल्या आठवड्यात कान आणि गुडघ्यांच्या दुखण्यांविषयी लिहिले. तोफखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या जवानाला कमी ऐकू येऊ लागले, तर त्याचे कारण कुणालाही कळते. हृदयाचे दुखणे तसे उघड नसते. देगलूर, मुखेड, उदगीर या पट्ट्यातून फौजेत गेलेल्या कुणाला नोकरीत असताना अटॅक येतो, पुण्याच्या लष्करी हृदयरोग संस्थेत स्टेंट पडतो, वैद्यकीय कॅटेगरी खाली जाते. मग घरी परतताना रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर शेरा पडतो : आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही, सुरुवात पीस स्टेशनवर, म्हणजे शांत ठाण्यावर झाली. एवढ्या शेऱ्यावर अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते.

अटी दोन आहेत. अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त हवे, आणि आजार सेवेमुळे जडलेला किंवा सेवेने बळावलेला हवा. पहिल्या अटीची अडचण हृदयरोग्याला सहसा येत नाही, कारण बोर्ड या आजाराला बहुधा ३० टक्के देतेच. घोडे अडते ते दुसऱ्या अटीपाशी.

ही दुसरी अट बोर्ड कशी तपासते, हे नीट समजून घेतले पाहिजे. लष्करी डॉक्टरांसाठी पेन्शनच्या निर्णयांची एक मार्गदर्शक पुस्तिका आहे. सप्टेंबर २०२३ पर्यंत लागू असलेल्या २००८ च्या सुधारित पुस्तिकेप्रमाणे, पूर्ण तंदुरुस्त जवानाला फील्डमध्ये, अतिउंचीवर किंवा दहशतवादविरोधी मोहिमेत हृदयविकार झाला, तर तो सेवेमुळे झाला असे मानायचे. इतर ठिकाणी झटका आला, तर त्याआधी शरीरावर किंवा मनावर असाधारण ताण पडला होता का आणि त्या ताणानंतर साधारण २४ ते ४८ तासांत लक्षणे दिसली का, हे पाहायचे. त्यासाठी झटक्याआधीच्या १४ दिवसांत जवान कोणत्या ड्यूटीवर होता, याचा तक्ता युनिटकडून मागवला जातो.

माझा आक्षेप इथेच आहे. हृदयाची रक्तवाहिनी चौदा दिवसांत चोंदत नाही. आतल्या भिंतीवर चरबीचा थर साचायला वर्षे लागतात. एखाद्या हवालदाराने लडाखमध्ये तीन वर्षे काढली, मग काश्मीरमध्ये रात्रीच्या गस्ती घातल्या आणि त्यानंतर सिकंदराबादला आल्यावर त्याला झटका आला, तर कागदावर ‘पीस’ एवढेच उमटते. उंचीवर प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवते, रक्त दाट होते आणि गुठळीचा धोका वाढतो. कडाक्याच्या थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. त्यात तुटक झोप, घरापासूनचे अंतर, आणि गावाकडच्या आजारपणाची नाहीतर जमिनीच्या भांडणाची फोनवरून कळणारी बातमी. यातले काहीही त्या तक्त्यात येत नाही.

बोर्डाची बाजू खोटी आहे, असे मी म्हणत नाही. तंबाखू, वाढलेले वजन, कोलेस्टेरॉल, घराण्यातला आजार ही कारणे खरी आहेत. देगलूरच्या बाजारात दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यालाही चाळिशीत झटका येतो, मग जवानाचा आजार फौजेच्या माथी का मारायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण गल्ल्यावरच्या माणसाला कुणी भरतीच्या वेळी नखशिखांत तपासून ‘निरोगी’ असा शिक्का दिलेला नसतो. जवानाला तो मिळालेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने याच शिक्क्याला वजन दिले. २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात आजार फेफऱ्याचा होता, पण त्यातले सूत्र हृदयविकारालाही लागू पडते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे गृहीत धरायचे. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर टाकायची नाही. वाजवी शंका राहिली, तर तिचा फायदा जवानाला द्यायचा. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या एका प्रकरणात आणखी स्पष्ट सांगितले : आजार पीस स्टेशनवर सुरू झाला एवढ्यावर दावा फेटाळता येणार नाही, बोर्डाने कारणे द्यायला हवीत. अमेरिकेने तर २०१० मध्येच व्हिएतनाम युद्धात विषारी तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या सैनिकांचा हृदयविकार सेवेशी जोडलेला मानायचे ठरवले. तिथे प्रत्येकाला कारण सिद्ध करत बसावे लागत नाही.

पैशांचा हिशेब असा. १०० टक्के अपंगत्वाला हिशेबी शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. वेतन ४०,००० असेल तर १२,०००. त्यात ३० टक्के अपंगत्व म्हणजे ३,६००. मात्र ५० च्या आतले अपंगत्व ५० धरण्याची सवलत आहे, आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात ठरवले. म्हणजे महिन्याला ६,०००, त्यावर महागाई भत्ता वेगळा, आणि हे सगळे नेहमीच्या पेन्शनशिवाय. २१ सप्टेंबर २०२३ पासून मात्र नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी हा हिशेब जसाच्या तसा धरू नये, आपल्या तारखेचे नियम पाहावेत.

दावा नाकारल्याचे पत्र आले की सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करायचे, तिथे नकार आला तर दुसरे. त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचे खंडपीठ. अपिलात ‘मी आजारी आहे’ हे लिहून उपयोग नाही, ते बोर्डाला मान्यच असते. कोणत्या साली कुठे पोस्टिंग होते, त्यातले फील्ड आणि उंचीवरचे किती, रक्तदाबाची पहिली नोंद कधी झाली, आणि बोर्डाने कोणते कारण दिलेच नाही, हे लिहायचे. त्यासाठी बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत हातात लागते. ती नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज करून मागावी.

उशीर झालेल्यांसाठी वाट पूर्ण बंद नाही. पेन्शनचा नकार हा दर महिन्याला चालू राहणारा अन्याय मानला जातो, पण थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्याहून मोठा धोका कागदांचा आहे. ठरलेली मुदत संपली की सेवेची कागदपत्रे नष्ट केली जातात. म्हणूनच २००८ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला, तर सिद्ध करण्याचे ओझे जवानावर येते.

तेव्हा ज्यांच्या डिस्चार्ज बुकात हृदयाची कॅटेगरी लिहिलेली आहे आणि निवृत्तीला दहा-बारा वर्षे झाली आहेत, त्यांनी याच महिन्यात बोर्डाच्या प्रतीसाठी अर्ज टाकावा. देगलूर, मुखेडकरांना नांदेडच्या आणि उदगीरकरांना लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जासाठी मदत मागता येईल. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि दवाखान्याचे जुने कागद सोबत न्या.

पुढच्या लेखांकात : जवानाच्या मागे पत्नीला मिळणारी कुटुंब पेन्शन.