सीडीवरची गाणी फोनमध्ये घेताना

जुन्या सीडींवरचं शास्त्रीय संगीत कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलंय? मग ते फोनमध्येही घ्याच!

अँड्रॉइड फोन केबलने जोडला की आधी नुसता चार्ज होतो, आणि बरेच जण इथेच अडतात. फोन अनलॉक करा, नोटिफिकेशन खाली ओढा, यूएसबीच्या पर्यायांत 'फाइल ट्रान्सफर' निवडा. आता विंडोजमध्ये फोन दिसेल; गाण्यांचं फोल्डर त्यातल्या 'म्युझिक'मध्ये कॉपी करा. तरी दिसला नाही, तर केबल बदलून पाहा. काही केबल फक्त चार्जिंगच्याच असतात.

आयफोनसाठी विंडोजवर आयट्यून्स, तर मॅकवर २०१९च्या 'कॅटालिना' या मॅकओएस आवृत्तीपासून फाइंडर वापरा.

३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये तासाभराचा राग साधारण १४४ एमबी जागा घेतो. कॉम्प्युटरवरची मूळ प्रत मात्र पुसू नका.