बांधीतील घूस

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आमच्या एका आप्तांनी गेल्या वर्षी आपल्या घरामागील हिरवळीचे छायाचित्र पाठविले. हिरवळीवर मातीचे लहानलहान ढीग ओळीने उठलेले होते आणि खाली प्रश्न होता, ‘तुमच्याकडे बालाघाटला यावर काय करतात?’ ढीग पाहताच घरातील सर्वांनी एका सुरात म्हटले, ‘घूस!’ तिकडे तो उद्योग करणारा प्राणी मात्र निराळाच निघाला. त्याला मोल म्हणतात. तो उंदरांच्या वर्गातला नव्हेच. मातीखाली राहून गांडुळे आणि किडे खातो, धान्याला तोंड लावीत नाही. आपल्या देशात त्याचे भाऊबंद पूर्व हिमालयाच्या अंगाला आढळतात, वैनगंगेच्या खोऱ्यात नाहीत. आपल्या धुऱ्यावर तसेच ढीग उठविते ती छोटी घूस. जुन्या इंग्रजी ग्रंथांतून तिला ‘इंडियन मोल-रॅट’ असे नाव दिलेले आढळते, ते बहुधा या ढिगांच्या साम्यामुळेच पडले असावे.

आप्तांना उत्तर लिहावयास बसलो आणि ते लांबतच गेले. त्यातील काही भाग आपल्याकडील धान पिकविणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

आमची शेती वारासिवनीच्या बाजूची, आणि तीही फार नाही. बहुतेक बांध्यांत लवकर येणारे धान असते; एक बांधी मात्र वडीलधाऱ्यांच्या काळापासून चिन्नोरसाठी राखलेली आहे. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आजींनी ‘आम्हांला हे आधीच ठाऊक होते’ एवढेच म्हटले होते. चिन्नोरचा वास जितका मोहक, तितकाच त्याचा स्वभाव त्रासदायक. उत्पन्न कमी, आणि पिकतो उशिरा. सभोवारच्या बांध्या कापून रिकाम्या झाल्या तरी चिन्नोर आपला उभाच असतो. आजूबाजूच्या साऱ्या घुशींना मग दुसरे घर उरत नाही. चिन्नोर लावणाऱ्याचे दुःख याच पंधरा-वीस दिवसांत साठलेले असते.

घुशीचा हिशेब साधा आहे. पूर्ण वाढलेली घूस पाव किलोच्या आसपास भरते आणि आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके धान्य रोज खाते. म्हणजे 25 ग्रॅम. एवढ्याने कोणी शेतकरी बुडत नाही. बुडवितात ते तिचे दात. उंदीरवर्गातील प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजविण्यासाठी कुरतडणे चालूच ठेवावे लागते. त्यामुळे खाण्यापेक्षा तोडणेच अधिक. शिवाय ओंब्या तोडून बिळाच्या कोठारात साठविण्याची तिला खोड आहे. गर्भ राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत वेत होते, एका वेळी सहा-आठ पिल्ले सहज होतात आणि तीच पिल्ले तीनेक महिन्यांत स्वतः विऊ लागतात. त्यातून ही पट्टीची पोहणारी. बांधीत पाणी तुंबले म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

धानाचीही एक गोष्ट लक्षात ठेवावयाची. रोवणीनंतर फुटवे फुटत असता काही तोडले गेले तर रोप नवे फुटवे काढून बरीचशी भरपाई करते. पोटरी धरल्यावर तोडलेला फुटवा मात्र गेला तो गेला. आणि घूसही नेमकी पीक पोटरीस येऊ लागले की विण्याचा सपाटा लावते. आपण मात्र कधी जागे होतो? ओंब्या पडलेल्या दिसल्या म्हणजे! तोवर बिळांत दुसरी पिढी नांदत असते.

आम्हीही अनेक वर्षे असेच उशिरा जागे होत असू. एका वर्षी चिन्नोरची बांधी मधोमध कातरल्यासारखी दिसू लागली, तेव्हा घाबरून आम्ही औषध आणले. एका दुकानदाराने करडी-काळी भुकटी वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून दिली. पुडीवर ना नाव, ना सूचना. आम्हीही विचारले नाही, हा दोष आमचाच. कणकेत कालवून गोळ्या केल्या आणि धुऱ्यावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोन घुशी मेलेल्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी एकही नाही, गोळ्या जशाच्या तशा. चौथ्या दिवशी आमचा राखणीचा कुत्रा मेला. त्याच सकाळी निंदणीस आलेल्या एका बाईंची चार वर्षांची मुलगी हातात गोळी घेऊन धुऱ्यावर बसलेली त्यांना दिसली. गोळी तोंडात गेली नव्हती. त्या माउलीने मुलीचा हात धुऊन धुऊन लाल केला आणि आमच्याकडे एकदाच पाहिले. उरलेल्या गोळ्या आम्ही मोजून परत गोळा केल्या. दोन कमी भरल्या. त्या दोन गोळ्यांचा शोध संध्याकाळपर्यंत चालला होता. त्या शेवटी मिळाल्या नाहीतच.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की ती भुकटी झिंक फॉस्फाइडची. पोटातील आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, आणि त्यावर नेमका असा उतारा नाही. घुशीचा संशयी स्वभाव तर आम्ही ध्यानातच घेतला नव्हता. अनोळखी वस्तू ती आधी जराशी चाखून पाहते. चाखून आजारी पडली आणि वाचली, तर ते आमिष पुन्हा शिवत नाही. म्हणून जाणकार दोन-तीन दिवस नुसते तेल लावलेले धान्य ठेवून तिला सवय लावतात आणि मगच विष मिसळतात. रक्त गोठू न देणारी ब्रोमाडायोलोनसारखी दुसरी विषे आहेत. ती सावकाश काम करीत असल्याने घुशीला संशय येत नाही, आणि त्यांच्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. पण अशी विषारी घूस घुबडाने उचलली तर घुबडही मरते. ज्याने फुकट राखण करावयाची, त्यालाच मारून बसावयाचे! विष कधीच वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. ते कृषी विभागाच्या माहितगाराला विचारून, मुलाबाळांपासून दूर, बिळाच्या आत घालावयाचे असते. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून पुडी आली नाही.

मग आम्ही सापळ्यांकडे वळलो. जंगलाकडील एका गावचे वृद्ध गोंड गृहस्थ आमच्या भागात कापणीनंतर बिळे खणावयास येत. सारे त्यांना बाबाच म्हणतात. बिळातून निघालेल्या धानाचा अर्धा वाटा त्यांचा, अर्धा शेतमालकाचा, अशी रीत. त्यांच्याकडे बांबूचे सापळे असत. बांबूची कमटी धनुष्यासारखी वाकवून दोरीने ताणलेली, पुढे आमिषाची खुंटी. आमिषाला दात लागला की खुंटी निसटते आणि कमटी मानेवर बसते. तंजावरच्या धानपट्ट्यातही अशाच बांबूच्या धनुष्यांनी घुशी धरणारे कसबी लोक आहेत, हे पुढे वाचण्यात आले. भोसल्यांच्या त्या जुन्या राज्यात आणि आमच्या वैनगंगेकाठी एकाच शत्रूवर एकच हत्यार, याची मौज वाटली.

बाबांनी आम्हांला पाहावयास शिकविले. कोणते बीळ नांदते आहे हे ओळखण्यासाठी संध्याकाळी सारी तोंडे चिखलाने लिंपावयाची आणि सकाळी कोणती उघडली ते पाहावयाचे. घूस मात्र आत गेली की स्वतःच तोंड मातीने बुजविते. तिच्या बाबतीत ढिगावरची माती ओली व ताजी आहे का, हे पाहावे लागते. सापळा बिळापासून तिच्या रोजच्या वाटेवर, धुऱ्याच्या कडेला लावावयाचा. आमिष भाजलेले तांदूळ, थोडे तेल, नाही तर सुक्या मासळीचा तुकडा. पहिले दोन-तीन दिवस तारेचा पिंजरा ताण न देता उघडा ठेवून आत नुसते खाऊ द्यावयाचे. पाहुणचार आधी आणि चाप नंतर.

येथवर सारे ठीक होते. अडचण आली ती देवघरातून. त्या वर्षी आम्ही भाद्रपदात पिंजरे लावावयास काढले तेव्हा आजी ओसरीवर आडव्या आल्या. ‘ज्याला पाटावर बसवता, त्याच्याच वाहनाचा जीव त्याच दिवसांत घेता?’ आम्ही पीक दाखविले, नुकसान सांगितले. आजी म्हणाल्या, ‘मारू नका असे मी म्हटले का? गणपती यायच्या आधी आटपा. आणि नागपंचमीच्या दिवशी जमिनीला लोखंड लावायचे नाही.’ युक्तिवाद संपला. पुढच्या वर्षापासून आमच्या हाती उरला तो नागपंचमी ते गणेशचतुर्थी हा नेमका एक महिना.

आम्ही तो नाइलाजाने स्वीकारला, आणि तोच योग्य निघाला. आपल्याकडे रोवणी बहुधा आषाढात होते. श्रावणात धान फुटव्यावर असते, घुशींची वीण जोरात सुरू व्हावयाची असते, आणि एक मादी पकडली म्हणजे पुढची सारी वेते टळतात. धानाच्या देशांत काम करणारे शास्त्रज्ञ रोवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, आणि तेही साऱ्या गावाने एकाच वेळी, मोहीम करावी असे सांगतात. 1977 पासून जोधपूरच्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेकडे देशभरच्या उंदीर-संशोधनाच्या समन्वयाचे काम आले. तेथूनही गावाने मिळून करावयाच्या मोहिमेवरच भर दिला गेला. आजींनी यातील काही वाचलेले नव्हते.

‘साऱ्या गावाने’ हे लिहावयास सोपे आहे. आमच्या एकट्याच्या धुऱ्यावरील घुशी धरल्या तर रिकामी बिळे पंधरा दिवसांत शेजारून भरतात, हे पहिल्याच वर्षी कळले. आमच्या बांध्यांना लागून नऊ जणांची शेती आहे. त्यांपैकी सहा जण दुसऱ्या वर्षी तयार झाले. पिंजरे वाटून घेतले, बाबांना श्रावणापुरती रोजी ठरविली. धुरे एक फुटाहून रुंद ठेवू नयेत, म्हणजे घुशीला घर करावयास जागाच राहत नाही, हा सल्ला सर्वांना पटला. तो अमलात आणावयाच्या वेळी मात्र आमच्या शेजारच्या काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या धुऱ्यावर तूर असते. त्या रुंद धुऱ्यावरील तुरीतून त्यांच्या घरची वर्षाची डाळ निघते. ‘धुरा कापला तर डाळ कोण देणार?’ या प्रश्नावर कोणाकडेच उत्तर नव्हते. काकूंचा धुरा तसाच राहिला आणि पिंजऱ्यांतील अधिक वाटा तिकडे गेला. सर्वांत अधिक घुशीही तेथेच मिळाल्या.

दोन गोष्टी हाताळणीच्या. पिंजऱ्यात कधी कधी लांब सोंडेची, उग्र वासाची चिचुंद्री सापडते. ती उंदीर नव्हे, किडे खाते. तिला सोडून द्यावे. आणि पकडलेल्या घुशीला उघड्या हाताने शिवू नये. तिच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. जोराचा ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल अथवा पिवळे अशी लक्षणे दिसली तर बांधीत काम करणाऱ्याने डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगावे. मेलेली घूस खोल पुरावी. धामण दिसली तर काठी शोधू नये. नागपंचमीला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून दुसऱ्या दिवशी धामणीला ठेचणारे हात आमच्याच गावात आहेत.

उरला कार्तिकातील एकट्या चिन्नोरचा प्रश्न. आग्नेय आशियातील धानाच्या मुलुखांत एक युक्ती करतात: एक लहान तुकडा इतरांच्या आधी रोवतात, त्याला प्लास्टिकच्या कापडाचे कुंपण घालतात आणि कुंपणाला ठेवलेल्या भोकांच्या आतल्या बाजूस पिंजरे लावतात. लवकर पिकणाऱ्या धानाच्या ओढीने आसपासचे उंदीर तेथे येतात आणि सापडतात. आमच्या चिन्नोरचे उलट आहे, तो सर्वांच्या मागून पिकतो. पण ओढ तीच. म्हणून शेजारची कापणी सुरू होण्याआधी आम्ही चिन्नोरच्या बांधीभोवती जुने प्लास्टिक खुंट्यांवर ताणले, खालची कडा मातीत दाबली आणि आठ जागी भोके ठेवून मागे आठ पिंजरे लावले. पहिल्या रात्री काही नाही. शेजारची शेवटची बांधी कापली गेली त्या रात्री आठांतील सहा पिंजरे भरले. पुढे दहा-बारा दिवस रोज एक-दोन मिळत गेल्या. मध्ये एका जनावराने कुंपण तुडविले, तेवढ्या कोपऱ्यात नुकसान झालेच. बाकी बांधी घरी आली.

कापणीनंतर बाबा आले आणि दिवसभर धुरे खणून थोडेसेच धान निघाल्याने नाराज झाले. अर्ध्या वाट्यात त्यांचे भागणार नव्हते, म्हणून यंदापासून त्यांना श्रावणाच्या रोजीबरोबर चिन्नोरची एक पायली द्यावयाचे ठरले आहे. काकूंची तूर या वर्षीही त्याच धुऱ्यावर आहे. तेथे पाच पिंजरे वाढवावयाचे आहेत.