अशुद्ध ओठ आणि उंच सिंहासन

यशया या हिब्रू संदेष्ट्याच्या ग्रंथातील सहावा अध्याय प्रसिद्ध आहे तो देवाच्या वैभवदर्शनासाठी. उंच सिंहासन, मंदिरभर पसरलेला वस्त्राचा घोळ, सहा पंखांचे सराफीम, त्यांच्या आवाजाने हादरणारे उंबरठे आणि दाटलेला धूर. सराफीम तीनदा उच्चारतात तो ‘पवित्र’ हा शब्द आजही यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेत घुमतो. कोकणातून मुंबईत आलेल्या आणि १७९६ साली तेथे आपले पहिले सिनेगॉग उभारणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनेतही तो आहे.

वैभवाची अशी वर्णने वाचली की माझ्या मनात प्रथम संशय येतो. देवाला राजा म्हणणे बहुधा राजांच्याच सोयीचे ठरते. वरचे सिंहासन दाखवून खालचे सिंहासन पक्के करणे हा पुरोहितांचा जुना उद्योग आहे. यशयाचे दर्शन त्याच मालिकेतले आहे काय? हे तपासायचे तर सुरुवात पहिल्या वाक्यापासून केली पाहिजे. ते वाक्य एका मृत्यूचे आहे.

यहूदाचा राजा उज्जीया मेला त्या वर्षी हे दर्शन घडले, असे यशया सांगतो. हे वर्ष इ. स. पू. ७४० च्या सुमाराचे. परंपरा सांगते की उज्जीयाने बावन्न वर्षे राज्य केले. पण त्याची अखेर राजवाड्यात झाली नाही. त्याच्या अंगावर ‘साराथ’ उठला होता. (आजच्या वैद्यकातील कुष्ठरोग म्हणजेच साराथ नव्हे, असे अभ्यासक मानतात.) मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला आणि कारभार त्याच्या मुलाने पाहिला. ‘राजे’ या ग्रंथात देवाने त्याला हा रोग लावला एवढेच म्हटले आहे. त्यानंतर दोनएक शतकांनी, मंदिर हेच समाजजीवनाचे केंद्र झाल्यावर लिहिलेला ‘इतिहास’ हा ग्रंथ मात्र कारण पुरवतो. राजाने स्वतः मंदिरात शिरून धूप जाळला, याजकांचा अधिकार ओलांडला, म्हणून त्याच्या कपाळावर रोग उठला! कारण कोणाला हवे होते, हे वेगळे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर यशयाचे उद्गार वाचले पाहिजेत. सिंहासन पाहताच तो स्तुती करीत नाही. माझा नाश झाला, असे तो म्हणतो. मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे आणि अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो, असे कारण देतो. येथे मूळ हिब्रू शब्द आहे ‘तामे’. लेवीयाच्या ग्रंथातील नियमानुसार साराथ झालेल्याने कपडे फाडावेत, ओठ झाकावेत, ‘तामे, तामे’ असे ओरडावे आणि वस्तीबाहेर एकटे राहावे. ओठ झाकून बाहेर राहिलेला राजा मेला त्याच वर्षी, दरबारात वजन असलेला यरुशलेमचा हा माणूस तोच शब्द स्वतःच्या ओठांना लावतो. ‘तो’ अशुद्ध, असे तो म्हणत नाही. ‘मी’ म्हणतो, आणि मग ‘आम्ही सारे’.

मला या अध्यायाचे मर्म येथे दिसते. देव एवढा उंच आहे की त्याच्यासमोर माणसामाणसांतली शुद्ध-अशुद्धाची उतरंड टिकत नाही. यशयाला देवाचे मुखही दिसत नाही, वस्त्राचा घोळ तेवढा दिसतो. मग ‘मी त्याच्या जवळचा’ असे कोणी म्हणावे?

अर्थात, ही अशुद्धता आपल्याकडच्या अस्पृश्यतेसारखी जन्मजात नव्हती. रोग गेला तर विधी करून माणूस परत वस्तीत येऊ शकत असे. हा फरक पुसून टाकणे अप्रामाणिक ठरेल. पण ‘आम्ही सारे अशुद्ध’ ही नम्रता नुसती शब्दांची असती तर तिचे मोल काय होते? वरच्या माणसाला असे म्हणणे परवडते. यशयाचे वेगळेपण असे की तो अशुद्धतेचा पत्ता देतो. घराला घर आणि शेताला शेत जोडून गरिबाला जागा न ठेवणारे, लाच घेऊन निवाडा फिरवणारे यांचा तो पाचव्या अध्यायात एकेक करून धिक्कार करतो. दहाव्या अध्यायात विधवा-अनाथांना लुबाडणारे कायदे लिहिणाऱ्यांवर उलटतो. पहिल्या अध्यायात तर रक्ताने भरलेल्या हातांची प्रार्थना देवाला नको आहे. विटाळ कातडीत नाही, निवाडा देणाऱ्या तोंडात आणि लेखणी धरणाऱ्या हातात आहे. पाचव्या अध्यायाच्या मते देवाची थोरवी आणि पावित्र्य प्रकट होते ते न्यायातूनच.

म्हणूनच हा सार्वभौम देव आपल्याच राष्ट्राला जयाचे आश्वासन देत नाही. वेदीवरचा निखारा ओठांना लागल्यावर यशयाला निरोप मिळतो तो कठोर आहे. लोक ऐकतील पण समजणार नाहीत, नगरे ओस पडतील, तोडलेल्या झाडाचा बुंधा तेवढा उरेल. कोणत्याही राजाला हे दर्शन आपल्या सिंहासनामागे टांगता येणार नाही.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. निखारा यशयाच्या ओठांपर्यंत आला, वेगळ्या घरात मेलेल्या माणसापर्यंत गेला नाही. ‘इतिहास’ सांगतो की उज्जीयाला पुरतानाही तो रोगी होता हे विसरले गेले नाही. १९३१ साली जैतुनाच्या डोंगरावरील एका रशियन मठाच्या संग्रहात सुकेनिक या पुरातत्त्वज्ञाला एक अरामी शिलालेख आढळला. उज्जीयाची हाडे येथे आणली आहेत, उघडू नये, असा त्याचा आशय आहे. लेख राजाच्या मृत्यूनंतर सुमारे सात शतकांनी कोरलेला आहे.

संदेष्ट्याने अशुद्धतेचा शब्द स्वतःवर घेतला, हे त्याचे मोठेपण. पण ज्याच्यावर तो शब्द आधी लादला गेला, त्याच्या घराचे दार उघडले काय, याच कसोटीला प्रत्येक दर्शन लागले पाहिजे, यशयाचेसुद्धा.