शाळा व्यवस्थापन समिती : रचना आणि कामे

सरकारी शाळेच्या कारभारात पालकांना कायद्याने दिलेली जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. जुन्या मुंबई राज्यात 1947 च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाखालची जिल्हा शाळा मंडळे जिल्हाभरच्या शाळा पाहत. महाराष्ट्रात 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ते काम त्यांच्याकडे गेले. पुढे गावोगावी ग्राम शिक्षण समित्याही होत्या. मात्र प्रत्येक शाळेची स्वतंत्र आणि पालकांचे बहुमत असलेली समिती बंधनकारक झाली ती 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने. त्याच्या कलम 21 मधून फक्त विनाअनुदानित शाळा वगळल्या आहेत.

महाराष्ट्रात 17 जून 2010 च्या शासन निर्णयाने समितीची रचना ठरवली. सदस्य सचिव सोडून 12 ते 16 सदस्य, त्यांतले किमान 75 टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पालक सदस्यांची निवड पालक सभेत होते. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यात प्रतिनिधित्व द्यावे लागते. लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ उरलेल्या जागांवर येतात. अध्यक्ष पालकांपैकीच असतो; मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव असतात. समिती दर दोन वर्षांनी नव्याने निवडायची आणि बैठक महिन्यातून किमान एकदा घ्यायची, असा नियम आहे.

समितीचे पहिले काम शाळेवर देखरेख ठेवण्याचे. शिक्षक नियमित आणि वेळेवर येतात का, पालकांच्या सभा घेतात का, हे ती पाहते. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा भरली पाहिजे. शिक्षकांना खासगी शिकवण्या घेता येत नाहीत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे त्यांच्यावर टाकली जाऊ नयेत, याकडेही समितीनेच लक्ष द्यायचे असते. म्हणजे शिक्षकांना जाब विचारणे आणि त्यांना शिकवायला मोकळे ठेवणे, ही दोन्ही कामे तिचीच आहेत.

दुसरे काम पटनोंदणी आणि उपस्थितीचे. परिसरातले प्रत्येक मूल शाळेत दाखल व्हावे आणि टिकावे, यासाठी समितीने शाळाबाह्य आणि दिव्यांग मुलांचा शोध घ्यायचा असतो. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात आईवडील कारखान्यांकडे निघतात, तेव्हा मुले गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवण्याची जबाबदारी याच समित्यांवर आली. शालेय पोषण आहाराचा दर्जा आणि नियमितपणा तपासणेही समितीच्या कामात मोडते.

सर्वांत वजनदार काम म्हणजे शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो आणि त्याचे तीन वार्षिक भाग पडतात. प्रत्येक वर्षी इयत्तावार पट किती असेल, किती शिक्षक जादा लागतील, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, संरक्षक भिंत यांत काय कमी आहे आणि त्यासाठी किती पैसा लागेल, हे त्यात मांडायचे. प्राथमिक वर्गांत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, असे निकष कायद्याच्या अनुसूचीतच आहेत. त्यामुळे कमतरता मोजता येते. कलम 22 नुसार शासनाच्या योजना आणि अनुदाने या आराखड्याच्या आधारे ठरायची असतात. आराखडा घाईघाईने, नुसत्या सह्यांपुरता केला, तर शाळेची खरी गरज कागदावर येतच नाही आणि तिच्यासाठी पैसा मागण्याचा आधारही राहत नाही.

आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे, जमाखर्चाचा वार्षिक हिशेब ठेवणे आणि बैठकीचे इतिवृत्त लोकांना पाहता येईल असे ठेवणे, हीही समितीची कर्तव्ये आहेत. प्रवेश नाकारणे, मारहाण किंवा मानसिक छळ अशा गोष्टी तिने स्थानिक प्राधिकरणाच्या नजरेस आणायच्या असतात. मुलाच्या हक्काबाबत लेखी तक्रार आल्यास प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यावा, अशी कलम 32 ची तरतूद आहे.

या अधिकारांना मर्यादाही आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत समितीची भूमिका केवळ सल्लागाराची राहिली. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या तिच्या हाती नाहीत. पण मजुरी बुडवून बैठकीला येणाऱ्या पालकाला अनुदानाचे आदेश, खर्चाच्या पावत्या आणि आराखड्याचा नमुना सोप्या मराठीत समजावून सांगितला, तर कायद्याने दिलेले अधिकार त्याला प्रत्यक्ष वापरता येतात. म्हणून सदस्यांचे प्रशिक्षण आणि त्यांना सोयीच्या वेळी होणारी मासिक बैठक यांवरच समितीचे यश ठरते.